काकांच्या पिट्टूतला दगड

आमच्या धंतोलीच्या गल्लीत पिट्टू एकच होता, समोरच्या काकांचा. पाठीवर बांधायचा, मिलिटरीचा, जाड हिरव्या कॅनव्हासचा, बिछान्यापासून स्टोव्हपर्यंत सगळा संसार पोटात घेणारा. काका उमरेडच्या कोळसा खाणीत सर्व्हेअर. हिमाचलातली एक खिंड चढायची म्हणून त्यांनी तो कामठीच्या जुन्या बाजारातून आणला होता. रिझर्व्हेशनही झालं होतं. आठ दिवस आधी उमरेड रोडवर मोटरसायकल घसरली आणि उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

दुसरा कोणी असता तर पिट्टू माळ्यावर टाकून मोकळा झाला असता. काका तो मागेल त्याला द्यायचे. अट एकच, जिथवर जाल तिथला एक दगड आणायचा. त्यांच्या बैठकीत फळीवर पचमढीचा, चिखलदऱ्याचा, कुठकुठला दगड मांडलेला, प्रत्येकाखाली चिठ्ठी. मधली जागा मात्र मोकळी. ती खिंडीची.

कुबड्या घेऊनही काका कामावर जात राहिले. सोमवारी सकाळी उमरेडच्या एस्टीला ही गर्दी! मी तेव्हा कॉलेजात. सायकल हाणत स्टँडवर आधी पोचायचो आणि खिडकीतून काकांचा रुमाल सीटवर टाकायचो. भांडकुदळ माणूससुद्धा रुमाल टाकलेल्या सीटवर बसत नाही, हा आपल्याकडचा कायदाच आहे. काका दहा मिनिटांनी सावकाश यायचे आणि आपल्या जागेवर बसायचे.

आमच्या कॉलेजची टोळी नेमकी त्याच खिंडीला निघाली तेव्हा काका लहान पोरासारखे हरखले. पिट्टूचे पट्टे स्वतः तेल लावून मऊ केले, माझ्या पाठीवर चढवला, मागून-पुढून पाहिला. म्हणाले, "माह्या पायानं नाही तर तुह्या पायानं. पण दगड वरचाच आणजो गा."

मे महिना. आईनं उन्हाची लू लागू नये म्हणून पिट्टूच्या खिशात कांदा घातला. बर्फात चाललेल्या पोराला लू कशी लागेल, हे नागपूरच्या मायला कोण सांगणार?

आता खरं सांगतो. शेवटच्या तंबूपर्यंत गेलो. पहाटे उठवायला आले तेव्हा बाहेर असा गारठा होता, आणि समोरचा तो उभा पांढरा चढ पाहून माझी अशी टरकली, की मी पोट धरून कण्हायला लागलो. पोटाला काहीएक झालं नव्हतं! बाकीचे गेले, मी दोन ब्लँकेटांत झोपलो. दुपारी ते नाचत परत आले. त्यांच्यापैकी कोणाजवळ एक दगड मागावा, तर तेही सुचलं नाही. आठवलं ते थेट परतताना. गाडी नागपूरच्या अलीकडे सिग्नलला थांबली, तेव्हा उतरलो आणि रुळांमधल्या खडीतली एक काळी गिट्टी उचलून कांद्याच्या शेजारी कोंबली. खाणीत उमर घालवलेल्या माणसाला रेल्वेची गिट्टी द्यायला निघालो होतो. अक्कल चरायला गेली होती, दुसरं काय!

काकांनी तो दगड तळहातावर बराच वेळ ठेवला. उलटा केला, वास घेतला. "कांद्याचा वास येऊन राहिला," म्हणाले आणि हसले. मग वर काय दिसलं, वारा कसा होता, विचारत बसले. मी सोबत्यांकडून ऐकलेलं सगळं ठोकून दिलं. वर दोन वाक्यं पदरचीही घातली. त्यांनी दगड मधल्या जागी ठेवला. खाली चिठ्ठी लावली नाही. माझ्या ते तेव्हा लक्षात आलं नाही.

पुढे मला काकांच्या घरात बसवेना. नोकरी लागली, लग्न झालं, रामदासपेठेत राहायला गेलो. आईकडे आलो तरी मागच्या बोळातून. दर एप्रिलमध्ये काका पिट्टू उन्हात टाकतात, पट्ट्यांना तेल लावतात, असं आई सांगायची. मी विषय बदलायचो.

सात-आठ वर्षांनी काका दवाखान्यात आहेत असं कळलं. आमच्याच गल्लीच्या तोंडाशी होता दवाखाना. गेलो. काकू डबा आणायला घरी गेल्या होत्या. खाटेशी बसलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

काका म्हणाले, "गिट्टी आहे ते, मले त्याच दिवशी समजलं. खाणीत काय भजे तळत होतो मी?"

मला मान वर करवेना. "मग फेकली काहून नाही, काका?"

"एस्टीत तू माहा रुमाल टाकत होता का नाही? रुमाल काय माणूस असते? पण जागा राहते. तू पुन्हा जाशील, खरा आणशील, म्हणून ठेवली गिट्टी. वाट पाहून राहिलो ना मी. तू तर पिट्टू मागायलेच आला नाही गा."

मी त्यांचा हात धरून ढसाढसा रडलो. येत्या मेमध्ये नक्की जातो म्हणालो. "जाजो," ते म्हणाले. फाल्गुनात काका गेले.

तो मे आला तेव्हा पोरगी तापानं आजारी होती. पुढच्या मेमध्ये रजा मिळाली नाही. त्यानंतरच्या मेला काहीच अडचण नव्हती, तरी गेलो नाही. चढ तोच होता आणि मीही तोच.

काकू फळी रोज पुसतात. गिट्टी उचलतात, खालची धूळ झटकतात आणि पुन्हा तिथंच ठेवतात. एप्रिल लागला की निरोप पाठवतात, "पिट्टू उन्हात टाकू का गा यंदा?"

"टाका काकू," मी सांगतो.