नजीराच्या शेजारची जागा

आमच्या शेजारच्या मौलालीमामूचं डोकंच दगडाचं हुतं, आन् धंदाबी दगडाचाच. वेदगंगेच्या काठच्या गारगोट्या वेचायच्या, फोडायच्या, आन् गारगोटी गावच्या बाजारात चकमकीसाठी इकायच्या. "गारगोटीत गारगोट्या इकतोस? उद्या नदीला पाणी इकशील!" म्हणून लोक चेष्टा करायचे. मामू म्हणायचा, "चिलीम वडायची तर ठिणगी लागतीच की."

शाहू महाराजांचं राज्य हुतं तवा. आमचं गाव नदीच्या कडंला, उंच दरडीवर. गाव वसतं त्या जागंला समदेच पांढरी म्हणत्यात, पण आमची माती खरोखरच चुन्यागत पांढरी. दरडीच्या पायथ्याला गारगोट्यांचा पसारा. आन् वर, अगदी कडंला, मुसलमानांचं कबरस्तान.

तिथं मामूची बायकू, नजीरा. पटकीत गेली बिचारी, तरणीताठी. तिच्या शेजारी, नदीच्या अंगाला, मामूनं सोत्तासाठी जागा राखून ठेवलेली. लोकांनी दुसऱ्या लग्नाचं काढलं की म्हणायचा, "माझी जागा ठरल्या. आता कुठं जाऊ?"

दर पावसाळ्याला दरड थोडी थोडी ढासळायची. एका उन्हाळ्यात मामू माझ्या दारात येऊन मटकन बसला. तोंड पार उतरलेलं.

"बायडाक्का, पुराचं पाणी आधी गोट्यांवर आपटायचं. मी गोटं उचललं. आता ते थेट मातीवर आपटतंय. माझ्या जागंखालीच पोकळी पडल्या."

"मग उचललंस तसं टाक की परत!" मी खेकसले. माझ्या जिभेला हाड न्हाय.

त्यानं ते मनावरच घेतलं. बाजार सोडला. तसंबी काडेपेट्या आल्यापास्नं चकमक कोण घेतंय? पलीकडच्या काठावरनं पाटी भरायची, पाण्यातनं यायचं, दरडीच्या पायथ्याला वतायची. रोज तेच. पाटील गणपतरावांनी समद्यांना पांढरी सोडून माळावर जायला सांगितलं. आम्ही गेलो, मामूबी आला, पण उजाडलं की पाटी घेऊन खाली. पाठीचं धनुष्य झालं. "दमलास की रं बाबा," म्हटलं तर "दमलोय" म्हणायचा, आन् पाटी उचलायचा. बघून मलाच शीण यायचा.

त्या साली पूर आला तो काय सांगू! वसरल्यावर आम्ही दोघं बघायला गेलो. नजीराची कबर जाग्यावर हुती. अगदी काठावर, पण शाबूत. मला असा आनंद झाला!

"ऱ्हायली की रं तुझी नजीरा!"

"व्हय. ऱ्हायली."

मग माझ्या ध्यानात आलं. तिच्या शेजारी काहीच नव्हतं. खाली गढूळ पाणी वाहात हुतं.

मामूनं बसून कबरीवरचा चिखल हातानं पुसला. म्हणाला, "अक्का, मला आता दुसरीकडं ठेवतील."

मला रडू आवरंना. त्यानं मात्र पाटी उचलली.

"आता कशाला रं मुडद्या?"

"तिची तरी ऱ्हाऊ दे."

पुढं मामू गेला. वर माळावर एकटाच हाय. गुडघं दुखत्यात माझं, चिडचिड हुती, त्याला शिव्या घालते. पण उन्हाळा लागला की मीबी चार पाट्या टाकून येते. डोकं दगडाचं त्याचं, आन् वझं माझ्या डोक्यावर.