फिल्टर बिघडला नव्हता

ताईच्या नवऱ्याला, म्हणजे भाऊजींना, आम्ही ऐदी समजायचो. आता आमचंच हसू येतं. घरातल्या सगळ्यांची मेल ते स्वतःच्या सर्व्हरवर सांभाळतात, खुर्चीला मुळं फुटल्यासारखे बसून.

ताईच्या गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट आठ दिवस आला नाही.

"तुमचा स्पॅम फिल्टर बिघडलाय!" ताई कडाडली.

"बिघडला नाही गं, कुणीतरी त्याला अडवायला शिकवलंय."

भाऊजींनी नोंदी उघडल्या. लॅबची पहिली मेल ताईच्याच फोनवरून 'स्पॅम' म्हणून ढकललेली होती. ते पाहून पुढच्या तीन मेल फिल्टरने आपणहून अडवल्या होत्या. शेवटच्या मेलचा विषय होता, 'ताबडतोब भेटा'.

ताईने हातातला फोन पालथा ठेवला. "उघडायची भीती वाटली हो."

भाऊजी खुर्चीतून उठले आणि गाडीची किल्ली शोधू लागले.

"बरं बाबा," ताई पुटपुटली, "नव्हता बिघडला. तुम्ही जिंकलात."