आबांचे वीस शेअर

आबांवर मी लिहावं, असा माझा काही अधिकार नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि परीक्षेतल्या निबंधापलीकडे आजवर काही लिहिलेलं नाही. शिवाय ज्याच्या चुकीनं एखाद्याचं नुकसान झालं, त्यानंच त्या माणसाविषयी लिहायला बसावं, हे बरंही दिसत नाही. तरी लिहितो. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

मला आधी आठवतं ते आबांचं बोट. रात्रपाळी संपवून ते एमआयडीसीच्या गेटासमोरच्या हॉटेलात येत, पेपरातलं बाजारभावाचं पान माझ्यापुढं सारत आणि त्यावर बोट टेकवून म्हणत, "कालेज, बघ रं, माझी मेंढरं कुठवर गेली."

कालेज म्हणजे मी. घर सांगवीला, पण बी.कॉम.साठी जळोचीत खोली घेतली होती. शेजारच्या खोलीत आबा आणि त्यांची बायको; त्यांना मी मावशी म्हणे. आबा एका कारखान्यात वॉचमन होते. कंपनीनं फार पूर्वी कामगारांना शेअर दिले होते, शंभर रुपयांचा एक. बाकीच्यांनी ते विकून सायकली घेतल्या, टीव्ही घेतले. आबांनी आपले वीस ठेवले. त्यांचं लहानपण इंदापूर भागात मेंढरांमागं गेलेलं. थोरले भाऊ अजून कळप घेऊन फिरत होते. त्यामुळे आबांच्या लेखी एक शेअर म्हणजे एक मेंढी. वर्षाला डिव्हिडंड येई, ती लोकर. लोकर कातरायची, मेंढी राखायची.

हॉटेलवाला चिडवायचा. "आबा, तुमची मेंढरं चरत्यात तरी कुठं?"

"मुंबैला," आबा शांतपणे बशीत चहा ओतत. "पर राखण हितनं चालती."

ती मेंढरं विकायची, असं त्यांनी एकदाच ठरवलं. आमच्या खोल्यांच्या मागंच एका तात्यांची दोन गुंठे जागा विकायची होती. मावशी म्हणाल्या होत्या, "माझा जलम पालात गेला, संसार भाड्यात. आता एक दार माझं असू दे." वीस शेअरांत ती जागा जेमतेम बसत होती. उन्हाळ्यात शेअर विकून खरेदी करायचं नक्की झालं.

आणि फेब्रुवारीत कंपनीचं इंग्रजी पत्र आलं.

मी ते हॉटेलात सगळ्यांसमोर वाचलं. जुने कागद परत पाठवा, एका शेअरचे दहा मिळतील, एवढं मला कळलं. पुढं दर्शनी किमतीबद्दल एक ओळ होती. ती नीट उमगली नाही, म्हणून मी ती सांगितलीच नाही. आम्हाला बोनस शेअर नुकतेच शिकवले होते. शिकलेल्या माणसाच्या आवाजात मी म्हणालो, "बोनससारखंच आहे आबा. विसाचे दोनशे झाले."

आबांनी बशी खाली ठेवली. "जुळं ऐकलंय, तिळं बी ऐकलंय. एका मेंढीला दहा?"

"मुंबैचा चारा हाय, आबा," हॉटेलवाला म्हणाला.

सगळे हसले. आबा हसले नाहीत. ते बोटांवर काहीतरी मोजत होते. मग म्हणाले, "ईस माझी जुनी. कोकरं एकशेऐंशी. अर्धलीनं नव्वद तुझी."

मेंढपाळांत मेंढरं अर्धलीनं राखायला देतात. कोकरं झाली की निम्मी मालकाची, निम्मी राखणाऱ्याची. आबांचं म्हणणं असं, की दोन वर्षं रोज भाव वाचून, फॉर्म भरून त्यांची मेंढरं मी राखली. मी नको म्हणालो. पुन्हा नको म्हणालो. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा गप्प बसलो. मला पुढं शिकायला पुण्याला जायचं होतं, आणि वसतिगृहाचे पैसे कुठून येतील ते घरी कुणालाच ठाऊक नव्हतं.

नंतर परीक्षा आली. मी पेपर वाचणं सोडलं, त्यामुळे आबांचं पानही वाचायचं राहिलं, आणि परीक्षा संपल्यावर सांगवीला गेलो. मे महिन्यात आबा नवे कागद घेऊन थेट आमच्या घरी आले. ट्रान्सफरचा फॉर्म मीच भरला. त्यांनी मोठ्या अक्षरांत सावकाश सही केली. माझी आई त्यांच्या पाया पडली.

जूनमध्ये शेवटच्या वर्षाच्या निकालासाठी जळोचीला परतलो. पहिल्याच सकाळी हॉटेलात पान उघडलं. दोन हजारांच्या भावाच्या जागी दोनशे होते.

"शून्य छापायचं ऱ्हायलंय," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही दोनशेच होते. आबांचं बोट त्या आकड्यावरून हलेना. तसाच कॉलेजात गेलो आणि सरांना गाठलं. सर म्हणाले, "अरे, भाकरीचे दहा तुकडे केले. भाकरी तेवढीच. शंभराचा शेअर दहा-दहाचे दहा झाला, भावही दहावा हिस्सा झाला. ज्यानं नुसतं धरून ठेवलं, त्याचा एक पैसाही जात नाही."

त्यांना वाटलं, मला धीर आला असेल.

कोकरू एकही झालं नव्हतं. माझ्या पेटीत आबांच्या मूळ मेंढ्याच होत्या, जवळजवळ निम्म्या.

संध्याकाळी कागद घेऊन मी त्यांच्या दारात उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. न सांगितलेल्या ओळीसकट. मावशी चुलीपुढं होत्या, त्यांनी मान वळवली नाही. आबांनी कागद माझ्याकडं परत सारले.

मग म्हणाले, "सही म्हंजी कानावरची खूण. खूण केलेलं मेंढरू मागं घेत न्हाईत."

"पण आबा, जागा?"

"एक गुंठा तरी दे म्हनून इचारतो तात्यास्नी."

तात्यांनी तुकडा पाडून द्यायला नकार दिला. महिन्याभरात जागा दुसऱ्यानं घेतली.

कागद परत द्यायला मी गेलो तो एकदाच. पुन्हा गेलो असतो, त्यांच्या पेटीवर ठेवून पळून आलो असतो, तरी चाललं असतं. मी गेलो नाही. वसतिगृहाची मुदत जवळ आली तेव्हा ते नव्वद शेअर मी विकले. नोकरी लागली की पहिल्या पगारापासून फेडीन, असं मनाशी म्हणालो. आबांना मात्र तसं सांगितलं नाही. पुण्याची एसटी पकडली त्या सकाळी ते हॉटेलात होते. पान त्यांच्यापुढं घडी घातलेलंच होतं.

"वाचायला कुनी तरी गावंल," ते म्हणाले. "तू नीट शीक."

पुढच्या वर्षी हॉटेलवाला कामासाठी पुण्याला आला, तेव्हा वसतिगृहावर मला भेटून गेला. फाटकातच म्हणाला, "तुला कळलं नसंल. आबा गेले. दोन म्हैनं झालं."

मी मावशींचं विचारलं.

"खोली सोडली त्येंनी. ऱ्हायलेलं शेअर दवाखान्यात गेलं, भाडं कोन भरनार? इंदापूरला दिराकडं गेल्या. म्हातारपनी मेंढरांमागं फिरत्यात बघ, पालात."