माघातला पोळा

दिवाळी चुकली म्हणून मी कधी फार हळहळलो नाही. दिवाळी सरहद्दीवरच्या चौकीवरही येते. लंगरात, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात, जिलेबी तळतात, मोठे साहेब धापा टाकत वरपर्यंत येतात, सगळ्यांशी हात मिळवतात, फोटो निघतो. मी हळहळतो तो पोळ्याला. बैलांचाही सण असतो हे तिथल्या निम्म्या लोकांना सांगूनही पटत नाही.

त्या वर्षी आमच्या चौकीवर पोळा ठाऊक असलेले दोघंच होतो. मी आदिलाबादकडचा, अगदी महाराष्ट्राच्या शिवेला लागून असलेल्या गावातला, आणि दुसरा यवतमाळचा. आम्ही लंगरातून कणकेचा गोळा मागून आणला आणि एक बैलजोडी घडवली. सुकावी म्हणून ती बुखारीवर, म्हणजे खोली गरम ठेवायच्या शेगडीवर ठेवली, तर बैलांची पोटं टम्म फुगली आणि शिंगं गळून पडली. तेवढ्यात आमचे पंजाबी हवालदार, ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात, आत डोकावले.

“ये क्या है?”

“बैल है, उस्ताद. आज बैलों का त्योहार है. आज उनको छुट्टी रहती है.”

“अच्छा? और तेरे को कब मिलेगी?”

एवढं विचारून त्यांनी एक बैल उचलला आणि खाऊन टाकला. मीठ कमी आहे म्हणाले. आम्ही पोट धरून हसलो. उरलेला बैल यवतमाळवाल्यानं खाल्ला, कारण एकट्या बैलाचा पोळा कसा करायचा हे आम्हा दोघांनाही सुचेना.

मला सुट्टी मिळाली ती थेट माघात. कापसाची शेवटची वेचणी उरकली होती, ज्वारी कणसावर होती, आणि पोळा होऊन पाच महिने लोटले होते. पण माझ्या मायला त्याचं काही नाही. ज्या सणाला मी घरी नसतो, तो ती तिथीला उरकते खरा, पण तिच्या लेखी तो अर्धाच झालेला असतो. उरलेला अर्धा ती माझ्या सुट्टीसाठी राखून ठेवते. “लेकरू घरी नाई त सन कायचा?” असं तिचं म्हणणं. त्यामुळं वीस दिवसांच्या सुट्टीत वर्षाचे सगळे सण दाटीवाटीनं येतात. दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्या. चौथ्या दिवशी दिवाळी. ज्वारीच्या कोठीत जपून ठेवलेले फटाके सादळले होते, ते नुसते फुसफुसले. शेजारची काकू भिंतीवरून ओरडली, “काऊन वं, कोनत्या गावची दिवाळी होय हे?” पाचव्या दिवशी मी साध्या भाकरीसाठी आणि ठेच्यासाठी जीव द्यायला तयार होतो, पण मायसमोर ते बोलायची माझी छाती नव्हती.

माझा जीव मात्र सणांत नव्हताच. तो अडकला होता माझ्या लेकीत. मी मागच्या वेळी निघालो तेव्हा ती नुकतीच बोबडं बोलू लागली होती. आता तीन वर्षांची झाली होती आणि माझ्याजवळ येत नव्हती. फोनवर आमची पक्की दोस्ती. कोंबडीनं कुठं अंडं घातलं, आजी कुणावर चिडली, सगळ्या बातम्या मला. समोर आलो की थेट आजीच्या पदरात. मी आणलेली बाहुली तिनं घेतली आणि मला तिथंच सोडलं. शेवटी एक दिवस मी गोठ्यामागं जाऊन घरी फोन लावला. तिनं तो लगेच घेतला.

“बाबा, आपल्या घरी एक मानूस आला हाय. मिशीवाला.”

“असं? कसा हाय तो?”

“लय जेवते.”

हे बायकोनं ऐकलं आणि ती हसून हसून बेजार झाली. मला राग आला. त्याच तिरिमिरीत मी मिशी काढून टाकली. एवढी जपलेली मिशी! उपयोग उलटाच झाला. पोरीला वाटलं, घरात आता आणखी एक नवा माणूस आलाय. ती आजीकडून उठून आबाजींच्या, म्हणजे माझ्या बाबांच्या मांडीवर गेली, आणि माझ्या सुट्टीचे दहा दिवस सरले. ह्या वीस दिवसांत ती माझी झाली नाही, तर पुढच्या सुट्टीपर्यंत मी तिला कायमचा परका होईन, ही भीती मला भल्याभल्या चढणींवर वाटली नव्हती इतकी वाटत होती.

अकराव्या दिवशी पोळ्याची पाळी आली. आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना आवतन देतात. पळसाच्या पानावर लोणी आणि हळद घ्यायची, बैलाचा खांदा चोळायचा आणि हात जोडून म्हणायचं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” एकदा आवतन दिलं की दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही आणि त्याच्या आधी घरात कुणी घास घ्यायचा नाही. बाबा खांदे चोळत होते आणि लेक पान घेऊन त्यांच्यामागं फिरत होती. तिनं वासराला आवतन दिलं, कुत्र्याला दिलं, निर्मलहून आणलेल्या लाकडी बैलाला दिलं. मी गव्हाणीपाशी उकिडवा बसून तुटलेल्या कासऱ्याला गाठ मारत होतो. अंगात नुसतं बनियन. वर बघायचं नाही असं ठरवलं होतं, कारण बघितलं की ती पळायची.

खांद्याला एकदम काहीतरी गार लागलं.

“आज आवतन घ्या, उद्या जेवाले या,” ती घाईघाईनं म्हणाली आणि धूम ठोकली.

मी तो खांदा धुतला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उशीच्या अभ्र्यावर हळद बघून माय करवादली.

बाबांनी बैलांना झूल घातली, शिंगांना बेगड लावली. मायनं सुपात पुरणपोळ्या ठेवून सूप अंगणात आणलं. मी बाजूला उभा होतो, तर लेकीनं येऊन माझं बोट धरलं. “चाल,” म्हणाली. मी निमूट गेलो. तिनं मला उजव्या बैलाच्या शेजारी बसवलं आणि सुपातली पोळी मोडून माझ्या तोंडात कोंबली.

“अवं, बापाले कोनी सुपात जेवू घालते का!” माय ओरडली. बायको ताट घेऊन आली. मी हातानंच तिला परत पाठवलं. तूप हनुवटीवरून बनियनवर गळत होतं. बैलानं माझ्या वाट्याच्या पोळीकडं जीभ लांबवली, तर पोरीनं त्याच्या नाकाडावर चापट मारली. बाबा खांबाला टेकून एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

गलका ऐकून शेजारची काकू भिंतीशी आली. मला बैलांच्या ओळीत बसलेलं बघून तिला चेव आला.

“हा कोनाचा बैल होय वं, बाई?”

पोरीनं माझ्याकडं बघितलं. एवढ्या जवळून, एवढा वेळ, पहिल्यांदाच.

“माहा हाय,” ती म्हणाली.

“इकतं काय मले?” काकू सौद्यालाच उतरली.

“नाई,” असं म्हणून तिनं दोन्ही तुपाळ हातांनी माझी मान घट्ट धरली.