माहेरचं पाणी बाधतं म्हणे

मला गहू चालत नाही. चालत नाही म्हणजे नखरे नव्हेत हो, सिलिअ‍ॅक नावाचं दुखणं आहे. गव्हातलं ग्लूटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच आतड्यावर चवताळून उठतं आणि मग खाल्लेलं काही अंगी लागत नाही. माहेरी वेल्ह्याकडे आम्ही भातावर आणि नाचणीच्या भाकरीवर वाढलो, चपाती सणासुदीला. लग्न होऊन भोरला आले, दोन्ही वेळा चपाती सुरू झाली आणि मी वाळत चालले. गावाला वाटलं, सासुरवास! बिचाऱ्या सासूबाई. निदान झाल्यावर त्यांनीच माझा तवा, पोळपाट, पिठाचे डबे सगळं वेगळं केलं, आणि मी हळूहळू माणसात आले.

पण गंमत बघा. ज्या घरात रोज चपात्या लाटल्या जातात तिथं मी बरी, आणि जिथं आता गव्हाचा दाणा नाही त्या माहेरी दर महिन्याला गेले की चार दिवसांत पोट धरून बसायची. आईकडे काय असतं? भात, भाकरी, पावट्याची आमटी, ताक. मग बाधतं काय?

सासरे म्हणाले, डोंगरातलं पाणी जड. नणंद म्हणाली, दृष्ट. नवरा म्हणाला, "तिथं गेलीस की खाताना तुझा हात आवरत नाही." या बोलण्याची मला अशी काही तिडीक आली की विचारू नका.

त्यातच रक्ताचा रिपोर्ट आला. गहू सोडल्यावर जो आकडा उतरायला हवा, तो जागचा हलला नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुढच्या वेळीही असाच राहिला तर पुन्हा दुर्बीण घालून बघू. कदाचित स्टिरॉइड द्यावं लागेल." घरी येताना नवऱ्यानं जाहीर केलं, "आकडा उतरेपर्यंत वेल्हं बंद."

"बंद म्हणजे? माहेर आहे ते, घाटातला रस्ता नव्हे!" मी म्हटलं. वडील गेल्यापासून आई तिथं एकटी. तिच्याकडे मी जायचं नाही तर कुणी जायचं?

मग मी हट्टालाच पेटले. दुपारी कामं उरकली की मोबाईल घेऊन बसायचं. केवढं काय काय चाललंय जगात! पोटात त्या ग्लूटेननं दंगा करूच नये म्हणून एका गोळीवर प्रयोग सुरू आहेत. ती अजून दुकानात आलेली नाही, आणि आली तरी पथ्य सुटेलच असंही कुणी म्हणत नाही. कुठं लघवी तपासून सांगतात की या माणसाच्या पोटात नकळत गहू गेलाय. मला हसूच आलं. म्हणजे बाई खोटं बोलली तरी तिची लघवी चुगली करणार! पण त्यातलं एक वाक्य डोक्यात घर करून राहिलं. कडक पथ्य पाळणाऱ्या कितीतरी जणांच्या पोटात गहू नकळत जात असतो, असं त्यात होतं. म्हणजे मी हावरट नव्हते. कुठून तरी चोरवाट होती.

नवऱ्याशी भांडून एकदा वेल्ह्याला गेलेच. तिसऱ्या दिवशी पोट ठरल्याप्रमाणे दुखायला लागलं. आई लगबगीनं ताक घेऊन आली. वर हिंग, चिमूटभर नव्हे, चांगला अर्धा चमचा. तिच्या आमटीलाही रोज हिंगाचीच फोडणी; सासरी मात्र फोडणीला लसूण, हिंगाचा वास कुणाला खपत नाही. पेला तोंडाला लावला आणि हात थांबला.

"आई, हिंगाची डबी आण."

"आगं आदी पी तरी. न्हाई म्हनू नगंस."

डबी आणली. मी वाचलं. त्यात हिंग थोडा, बाकी डिंक आणि गव्हाचं पीठ.

"आई, यात गहू आहे."

"आगं यडी का तू? त्ये औषध हाय. औषधात कुटला आलाय गहू? उपासालासुदा चालतं."

तिचं तरी काय चुकलं? आमच्याकडे औषधाला कुणी खाणं म्हणत नाही. उपासाला एक दाणा तोंडात न घालणारी बाई औषध मात्र निवांत घेते. मी डॉक्टरीणबाईंना इतक्या वेळा खाल्लेलं सगळं सांगितलं, पण आईच्या ताकातला हिंग सांगायचं माझ्याही कधी मनात आलं नाही. आणि जितकं पोट दुखायचं तितका तिचा हात सढळ व्हायचा. मी वाचून दाखवलं तशी तिनं डबी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली.

"म्हंजी म्याच घालत हुते व्हय गं तुज्या पोटात?"

मी तिला जवळ घेतलं. ती उठली आणि पेला उचलून ताक मोरीत ओतून आली.

पुढच्या तपासणीला आकडा खाली आला. चांगला दणदणीत. डॉक्टरीणबाईंनी हिंगाची गोष्ट दोनदा सांगायला लावली आणि म्हणाल्या, "मी तरी हे विचारायला हवं होतं." स्टिरॉइडचा विषय संपला. नवरा आपणहून म्हणाला, "शनिवारी जाऊन ये." मी दवाखान्याच्या दारातूनच आईला फोन लावला. वाटलं, उड्या मारेल.

"लई बेस झालं," ती म्हणाली. पण आवाज पडलेला होता.

"आई? अगं काय झालं?"

"काय न्हाई गं. मला त्येवडंच येत हुतं. आता हितं आल्यावर तुजं पोट दुखलं, तर म्या तुला काय देऊ?"