नत्थूजींच्या चार कांड्या

नत्थूजींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते हवेत होते.

इस्पितळाच्या वऱ्हांड्यात चाकांच्या लोखंडी खुर्चीच्या हातांवर तळवे रोवून त्यांनी स्वतःला उचलून धरलं होतं. पाय वाळत घातलेल्या धोतरासारखे लोंबत होते, आणि अशा अवस्थेत ते शेजारच्या रोग्याशी भरताच्या वांग्यावरून भांडत होते. साठ आकडे मोजून झाले तसे अलगद खाली उतरले आणि भांडण चालूच. अख्ख्या नागपुरात चालू न शकणारा आणि तरीही एका जागी न बसणारा हा एकच माणूस, हे मी पैजेवर सांगतो.

मी तेव्हा नुकताच कमरेखालून लुळा झालो होतो. रामटेकच्या रस्त्यावर वाघ आडवा आला नि स्कूटर उडाली, असं मी डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांना सांगितलं होतं. नत्थूजींनी तेवढं एकच विचारलं, "वाघाले शिंगं होते का गा?" म्हैस होती हे त्यांनी कसं ओळखलं, देव जाणे.

नत्थूजी जातिवंत विणकर. पावसाळ्याआधी घरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरताना छपरावरून पडले आणि मणका गेला. मागाची पावडी पायांनी दाबायची असते, म्हणून माग सुटला. मागावर बायको पार्बताबाई बसल्या आणि नत्थूजी खुर्चीत बसून चरख्यावर कांड्या भरू लागले. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती सुताची नळी. घरात घड्याळ नव्हतं. बसून बसून कातडीला जखम होऊ नये म्हणून चार कांड्या भरल्या की एकदा हातांवर उठायचं, हा त्यांनी स्वतःला घालून घेतलेला कायदा.

"आपलं बूड मुकं आहे गा, देविदास," ते मला म्हणत. "जळलं तरी बोंबलत नाही. त्याच्या वतीनं आपणच बोंबलाचं. उठ! काहून दगडासारखा बसून राहिला?"

मी त्यांच्याच गल्लीत खोली घेतली आणि माझी शांतता संपली. त्यांनी ब्लेडनं माझ्या पँटचे मागचे खिसे कापून टाकले. खिशाची शिवणसुद्धा रुतते म्हणे. त्यांच्या उठण्यानं गावाची उलथापालथ होई. एका शोकसभेत वक्ते ऐन रंगात असताना नत्थूजी वर झाले. मागच्या रांगेला वाटलं, श्रद्धांजलीसाठी उभं राहायचंय. पाचशे माणसं उभी राहिली. बरं, पन्नास धरा. वक्ते हात जोडून खाली बसले आणि लोकांनी नत्थूजींना मनापासून दुवा दिला.

रोज संध्याकाळी दाढीचा आरसा घेऊन आम्ही एकमेकांची मागची बाजू तपासत असू. जगात इतकी गाढ मैत्री दुसरी नसेल. "लाल डाग बोटानं दाबला की पांढरा पडला, तर भला," ते शिकवत. "दाबूनही लालच राहिला, तर दुश्मन. तिथं वजन द्याचं नाही, काई झालं तरी."

एका हिवाळ्यात त्यांच्याकडे लुगड्यांसाठी फार बारीक सूत आलं. ते न तोडता भरणारा हात वस्तीत एकट्या नत्थूजींचा. त्यांची छाती वीतभर फुगली. मी आरसा काढला की हातातलं सूत न सोडता म्हणत, "आज पार्बतानं पाहिलं." पार्बताबाईंना सांगत, "देविदासनं पाहिलं." असे दहा-बारा दिवस गेले. मग एका सकाळी पार्बताबाईंनी गादी उन्हात टाकायला उचलली, तर खोळीवर ओला, लालसर डाग.

"साऱ्या गल्लीले उठवत फिरले जी तुमी!" त्या रस्त्यावर ऐकू जाईल अशा ओरडल्या. "अन् सोता बसून राहिले?"

"मी चार कांड्या कधी सोडल्या नाही वं!" नत्थूजी कळवळून म्हणाले. "एक डावही चुकलो नाही. देविदास, तुले खोटं वाटते?"

मला खोटं वाटलं नाही, तेच तर कोडं होतं. मी मनगटावरचं घड्याळ काढून पार्बताबाईंना चरखा फिरवायला सांगितलं, सूत मात्र नत्थूजींनीच कुशीवर पडून धरलं. कांडी भरता भरेना. जाडं सूत लवकर फुगतं. हे केसासारखं सूत तिप्पट गुंडाळलं तेव्हा कुठे कांडी भरली. पूर्वी चार कांड्यांना पाव तास लागे, आता पाऊण तास. कायदा तोच होता, त्याचं माप बदललं होतं. नत्थूजी त्या काट्याकडे बघत राहिले. मी त्यांना स्तब्ध पाहिलं ते तेवढंच.

डॉक्टर म्हणाले, "पालथं झोपायचं. जखम भरेपर्यंत बसणं बंद. हाडापर्यंत गेली, तर माझ्या हातात काही राहणार नाही." वऱ्हांड्यातला तो वांग्यांवरून भांडणारा रोगी अशाच जखमेनं गेला होता. आम्हा दोघांनाही ते ठाऊक होतं.

चार महिने! पालथं, मग कुशीवर, दर दोन तासांनी पार्बताबाई माग थांबवून त्यांना वळवत. खाटेच्या कडेवरून मान खाली सोडून नत्थूजी कोंबड्यांशी भांडत आणि दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला चपलेवरून ओळखून हाक मारत. "रडू नका," मी एकदा म्हणालो. "कोण रडून राहिलं?" ते खेकसले. "उलटं लटकलं की पाणी डोळ्यातून येते."

जखम भरली. पहिल्या दिवशी फक्त पंधरा मिनिटं बसायची परवानगी मिळाली. गल्ली लोटली, कुणी हार आणला, कुणी चिवडा. नत्थूजी नवरदेवासारखे खुर्चीत बसले. भाषणाचा आग्रह झाला, त्यांनी घसा खाकरला, मला वेळ विचारली आणि म्हणाले, "टाका मले खाटेवर."

"अजून पाच मिनिटं आहेत, नत्थूजी," मी म्हणालो. लोकही ओरडले, "बसा जी, बसा!"

"त्या पाच मिनिटांत काय ठेवलं आहे गा? पार्बता, उचल. बाकीचं उद्या बसतो."

त्यानंतर नत्थूजी अकरा वर्षं बसले.