शिवेवरची मूठ

चहा घ्या आधी. ऐकल्यावर मला गाढव म्हणालच, तर निदान तोंड गोड असू द्या!

लाखनीतली आमची राईस मिल तुम्हाला ठाऊक आहे. धानाचा हंगाम सरला की मिल थंड, आणि पोती भरणाऱ्या बाया कामासाठी परमुलखात. त्यांना जाताना पाहून जीव तुटतो. यंदा नेपाळच्या एका व्यापाऱ्याने तांदळाचा ट्रक मागवला. वेळेवर पोचला तर वर्षभर काम! निघताना आमची सुमनबाई एवढंच म्हणाली, "भाऊ, सांभाळून न्या जी. लेकरायची शाळा त्याच्यावर हाय."

म्हणून मी स्वतः ट्रकमध्ये बसलो. ड्रायव्हर शहापूरचा गणेश. तो सांगत होता, पूर्वी सीमेवर ट्रक रांगेत सडायचे. आता रुंद रस्ता, तपासणीचं मोठं आवार, सकाळी कागद दाखवले की दुपारी पलीकडे. खरंच की! आमच्यापुढे मोजकेच ट्रक होते.

आता माणसाने गप बसावं की नाही? पण माल शीव ओलांडताना शिवेवर मूठभर दाणे ठेवायचे, ही आमच्या घरची रीत. गावची शीव चुकवत नाही, मग देशाची कशी चुकवू?

गणेश चहाला गेला होता. मी पाना घेतला, मागच्या दाराचं सरकारी सील तोडलं, मूठभर तांदूळ काढून रस्त्याच्या कडेला ठेवला आणि हात जोडले.

"भाऊ! हे काय करून राहिले तुमी?" गणेश चहा टाकून धावत आला.

"शिवेले मूठ देऊन राहिलो. तू बी पाया पड."

"अरे, सील तोडलं ना! आता कोण जाऊ देईन आपल्याले?"

"काहून नाही? आपलाच तांदूळ, आपणच काढला!"

अधिकारी सभ्य होता. म्हणाला, "रिवाज समझ गया. लेकिन सील टूटा है." ट्रक रांगेबाहेर. सगळी तपासणी पहिल्यापासून! ती होईपर्यंत व्यापाऱ्याने दुसरीकडून माल घेतला आणि आम्ही भरला ट्रक घेऊन परत.

सुमनबाईसमोर मान वर होईना.

"एक बी दाणा नाही गेला का जी पल्याड?"

"गेला ना," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू? त्या मुठीतले दाणे एका चिमणीने टिपले आणि ती फाटकावरून पलीकडे उडाली होती. आमच्या मिलची आजवरची निर्यात तेवढीच.

सुमनबाई हसली. पण दोन दिवसांनी गाठोडं बांधून निघाली, लेकरांसकट. मी गावच्या शिवेपर्यंत पोचवायला गेलो. तिने पदरातले मूठभर दाणे काढले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "भाऊ, तुमी जरा दूरच उभे राहा."